पपेन स्पंजात बसवायचंय? आधी एवढं ठरवा

वनस्पतींची एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, जसं पपईतलं पपेन) आणि जखमेवर ठेवायचे, शरीरात विरघळणारे स्पंज हा विषय घेऊन एमएस्सीची मुलं येतात, तेव्हा मी सगळ्यात आधी एकच विचारते: तुमचं एन्झाइम स्पंजातच राहायला हवं, की जखमेत उतरायला हवं? बहुतेकजण स्पंजाचं मूळ द्रव्य असलेलं कायटोसान किती टक्के घ्यायचं इथून सुरुवात करतात. पण पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं.

कच्च्या पपईला चिरा दिल्या की जो चीक गळतो, त्यात पपेन असतं. ते प्रथिनं तोडतं, म्हणून जखमेवरचा मेलेला थर सैल करायला उपयोगी. अननसाच्या खोडातल्या ब्रोमेलेनपासून केलेल्या, भाजलेल्या जखमांवरच्या औषधाला युरोपात 2012 मध्ये आणि अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. उलट पपेन असलेली, पण मान्यता न घेतलेली मलमं अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) 2008 मध्ये बाजारातून काढायला लावली, कारण गंभीर ॲलर्जीच्या तक्रारी आल्या होत्या. हे दोन्ही निर्णय नीट वाचा. एन्झाइम किती आणि कुठे पोचतं यावर ताबा हवा, तो का, हे त्यातून कळतं. (पपेनची पूड श्वासातून गेली तरी ॲलर्जी होऊ शकते. वजन करताना मास्क हवाच.)

स्पंज बनवणं त्यामानाने सोपं. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणारं कायटोसान 1 टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवायचं, गोठवायचं, फ्रीझ ड्रायरला (गोठलेल्या अवस्थेतच सुकवणाऱ्या यंत्राला) लावायचं. बर्फाचे स्फटिक उडून जातात आणि त्यांच्या जागी छिद्रं राहतात. हळू गोठवलं तर स्फटिक मोठे, छिद्रंही मोठी. पुढे शरीरातलं लायसोझाइम हे एन्झाइम कायटोसानला सावकाश तोडतं. मात्र ॲसिड काढून टाकल्याशिवाय स्पंज पाण्यात टिकत नाही आणि जास्त आम्लात पपेनही खराब होतं. म्हणून सौम्य कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) उदासीन करून, भरपूर धुऊन, मगच एन्झाइम भरावं असं माझं मत.

आता तो पहिला प्रश्न. एन्झाइम जखमेत उतरायला हवं असेल, तर स्पंज द्रावणात भिजवून पुन्हा सुकवलेला पुरतो. ते आत धरून ठेवायचं असेल तर रासायनिक बंध लागतो आणि बहुतेक जण त्यासाठी ग्लुटाराल्डिहाइड हे जोडणारं रसायन उचलतात. बंध पक्का होतो, पण उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड पेशींना मारतं. जेनिपिन हे तसंच जोडणारं रसायन त्यापेक्षा सौम्य, मात्र त्याने स्पंज निळा पडतो, तेव्हा रंगावर वाचायच्या प्रत्येक चाचणीत एन्झाइम नसलेला कोरा स्पंज सोबत हवा.

बांधलेल्या एन्झाइमची चाचणी कशावर घेता, याला फार महत्त्व आहे. बापनासारखा (BAPNA, एन्झाइमने तोडला की रंग देणारा) छोटा रेणू छिद्रांत सहज शिरतो आणि आकडा छान येतो. पण जखमेत असतं कोलॅजेन आणि फायब्रिन, म्हणजे भलीमोठी प्रथिनं. ती आतल्या पपेनपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून केसीन या दुधातल्या प्रथिनावरही चाचणी कराच. दोन निकालांतली तफावत हाच तुमच्या प्रबंधातला सगळ्यात बोलका भाग ठरू शकतो.

मोजमाप म्हणजे किराणा दुकानाची वही: आत किती गेलं, बाहेर किती आलं, धुण्यात किती वाहून गेलं. ब्रॅडफर्ड या प्रथिन मोजायच्या चाचणीने भरण्याआधीचं द्रावण, नंतरचं द्रावण आणि प्रत्येक धुणं मोजा. वजाबाकीतून बसलेलं प्रथिन मिळतं, पण ते जिवंत, म्हणजे काम करणारं, आहे का, हे त्यातून कळत नाही. पपेनचं काम त्याच्या साखळीतल्या 25 व्या जागेवरच्या सिस्टीन या अमिनो ॲसिडवर चालतं आणि त्याचा गंधक हवेने ऑक्सिडाइज होतो. म्हणून चाचणीच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सिस्टीन आणि धातूंचे आयन बांधून ठेवणारं ईडीटीए घालतात. शिवाय बाहेर आलेल्या पपेनचे रेणू एकमेकांनाच तोडत जातात. 37 अंशांवर ठेवलेल्या बफरमधली क्रियाशीलता काही तासांनी उतरली, म्हणून स्पंजातून येणं थांबलं असं समजू नका. प्रथिन आणि क्रियाशीलता दोन्ही दर वेळी मोजा. तुलनेसाठी मुद्दाम निकामी केलेलं पपेन (निष्क्रिय कंट्रोल) लागतं, त्यासाठी नुसत्या उष्णतेवर विसंबू नका, पपेन तिला बरंच चिवट आहे. त्या सिस्टीनलाच बंद पाडणारं आयोडोॲसिटामाइड वापरा.

पुढे पीएचडीचा विचार असेल तर बऱ्याच ठिकाणी गेटचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर किंवा सीएसआयआर-नेट अशी पात्रता परीक्षा लागते. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) यांसारख्या ठिकाणी पॉलिमर आणि एन्झाइम दोन्ही जाणणारी माणसं भेटतात. फार्मसीवाल्यांनी प्रथिनांचं रसायन, तर बायोटेकवाल्यांनी पॉलिमरचं रसायन आधी वाचून जावं. प्रयोगशाळा निवडताना दोन गोष्टी विचारा: फ्रीझ ड्रायर चालू आहे का, आणि पेशींवरची चाचणी तिथेच होते की बाहेर पाठवावी लागते. बाहेर पाठवावी लागत असेल, तर तिचा खर्च आणि वेळ आराखड्यात पहिल्या महिन्यातच धरा.