तालुक्यातल्या मानसिक आरोग्य सेवेबद्दल लोकांचं मत कसं गोळा करावं

सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीबाहेर 'आपण सेवेबद्दल समाधानी आहात का?' असा कागद हातात ठेवला, तर बहुतेक जण 'हो'वर खूण करून मोकळे होतात. साठ किलोमीटरवरून एसटीने आलेला, केस पेपर काढून रांगेत बसलेला आणि शेवटी गोळ्यांची पुडी घेऊन निघालेला माणूस वाकडं कशाला लिहील? पुढच्या महिन्यात त्याला याच दारात उभं राहायचंय. ज्याची खरी तक्रार आहे तो तर त्या दिवशी तिथं नसतोच. त्याचं येणं कधीच बंद झालेलं असतं.

तेव्हा मत गोळा करायचं तर या माणसापर्यंत पोचायची सोय आधी लावली पाहिजे. ग्रामपंचायत सदस्य, सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीवरची मंडळी, बचत गट, कॉलेजचं एनएसएस पथक, रुग्णांचे नातेवाईक यांपैकी कुणालाही हे जमण्यासारखं आहे. उदाहरणं महाराष्ट्रातल्या ग्रामीण तालुक्याची घेतली आहेत. शहरात महापालिकेच्या दवाखान्यांसाठी थोडे फेरफार करावे लागतील.

पायरी १ : सेवा कुठे आहे आणि कुणाच्या हातात आहे, ते कागदावर मांडा

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासूनचा आणि त्यातला जिल्हा कार्यक्रम १९९६ पासूनचा. तरीही तालुक्याच्या गावी मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी असते, हे गावात विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही. जिल्हा रुग्णालय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाच्या ठरलेल्या भेटी, ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा, आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी यांपैकी तुम्हाला जवळचं पडणारं प्रादेशिक मनोरुग्णालय, एवढी यादी करा. प्रत्येक ठिकाणी स्वतः जाऊन या. वार आणि वेळ फलकावर लिहिलेली आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं.

प्रत्येक नावापुढे तिथला निर्णय कोण घेतं, तेही लिहा. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्य चिकित्सकांकडे येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. हा फरक माहीत नसला की चांगली निवेदनं चुकीच्या टेबलावर वर्षभर पडून राहतात. तोंडी विचारून माहिती मिळाली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पण हा अर्ज पहिल्याच दिवशी टाकू नका. त्याने माणसं सावध होतात.

पायरी २ : दवाखान्याला आधी भेटा

वैद्यकीय अधीक्षकांना आधी न भेटता काम सुरू केलंत, तर 'चौकशी लागली' अशी हवा पसरते आणि फार्मासिस्टपासून शिपायापर्यंत सगळे तोंड मिटतात. भेटताना पाच मिनिटांत सांगा : आम्ही डॉक्टरांना मार्क द्यायला आलेलो नाही, लोकांना इथवर यायला काय अडतं ते शोधतोय. आवारात बसून विचारायची परवानगी लेखी घ्या.

टोळी जमवताना स्वतः उपचार घेतलेली एक-दोन माणसं आणि घरात रुग्ण सांभाळणारी एखादी बाई त्यात असू द्या. प्रश्न ठरण्याच्या बैठकीपासूनच. सगळं ठरल्यावर सहीपुरतं बोलावलंत, तर ते लोकांनाही कळतं आणि त्यांनाही.

पायरी ३ : कुणाला विचारायचं

२०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यांत झालेल्या त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता. उपचारांची गरज असूनही उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं होतं. याचा आपल्यापुरता अर्थ एवढाच की ओपीडीतली रांग हा गरजेचा लहानसा तुकडा आहे. म्हणून नियमित येणारे, यायचे थांबलेले, कधीच न आलेले आणि घरी सांभाळणारे अशा चौघांनाही विचारायचं. वेळ कमी असेल तर पहिला गट लहान करा, दुसरा नको.

थांबलेल्यांपर्यंत पोचणं सर्वांत अवघड. दवाखान्याने त्यांची यादी तुम्हाला देता कामा नये आणि तुम्हीही ती मागू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गोपनीय असते. सरळ मार्ग असा : दवाखान्यातल्याच समाजसेवकाने किंवा नर्सने त्या लोकांना फोन करावा, 'गावातली काही माणसं सेवेबद्दल मत विचारताहेत, तुम्हाला बोलायचंय का?' एवढंच विचारावं, आणि जे हो म्हणतील त्यांचाच नंबर त्यांच्या संमतीने पुढे द्यावा. वेळ लागतो, लागू द्या.

आशाताईंना गावाची खडानखडा माहिती असते. नेमकी तीच अडचण आहे. त्या गावच्याच, बहुतेक वेळा कुणाच्या तरी भावकीतल्या. सुनेच्या गोळ्या चालू आहेत हे आशाताईंना कळलं की सासूला कळेल, ही धास्ती खोटी असली तरी असते. म्हणून निरोप आशाताईंनी द्यावा आणि बोलायला शेजारच्या गावची व्यक्ती जावी. आशाताईंची स्वतःची मतं मात्र वेगळी बसून जरूर ऐका. कुठला रुग्ण कुठल्या वळणावर सुटला, हे त्यांच्याइतकं कुणाला सांगता येत नाही.

बीडसारख्या जिल्ह्यात काम करत असाल तर आधी कॅलेंडर बघा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या पार उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. डिसेंबरात मत गोळा केलंत तर अर्धं गाव फडावर असेल. 'तिकडे असताना गोळ्या संपल्या तर काय करता?' हा प्रश्न त्यांना विचारल्याशिवाय तुमचा अहवाल लंगडाच राहणार.

पायरी ४ : आजार विचारू नका, मागची खेप विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. 'तुम्हाला कोणता मानसिक आजार आहे?' हा प्रश्न लागतही नाही आणि तो विचारायचा अधिकारही आपल्याला नाही. 'सेवा कशी वाटली?' याला 'चांगली आहे' यापलीकडे उत्तर येत नाही. माणसाला त्याच्या शेवटच्या खेपेवर आणा, मग तो आपसूक सांगू लागतो :

- मागच्या खेपेला घरातून किती वाजता निघालात? डॉक्टरांपुढे कितीला बसलात?
- सोबत कोण आलं होतं? दोघांचाही रोज बुडाला का?
- सगळ्या गोळ्या आतच मिळाल्या, की काही बाहेरून आणायला चिठ्ठी दिली? बाहेर किती गेले?
- नाव मोठ्याने पुकारलं का? कुणी ओळखीचं भेटलं का?
- आत बोलताना दार लावलेलं होतं का?
- डॉक्टर तुमच्याशी बोलले, की सोबतच्या माणसाशीच?
- गोळ्यांनी काय त्रास होऊ शकतो, ते कुणी सांगितलं का?
- मध्ये एखादी खेप चुकली असेल तर कशामुळे?

सहाव्या प्रश्नावर थांबा, घाई करू नका. 'मी तिथंच बसलेलो होतो आणि माझ्याबद्दल भावाला विचारत होते', अशी उत्तरं तिथेच येतात.

कधीच न आलेल्यांसाठी खेप नसते, तेव्हा गोष्ट सांगून विचारा. 'समजा, आपल्या गावात एका बाईला महिनाभर झोप नाही, जेवण जात नाही, सारखं रडू येतं. ती आधी कुणाकडे जाईल? तालुक्याला कोण नेईल? घरचे काय म्हणतील?' स्वतःचं नाव न घेता लोक स्वतःचंच बोलतात. उत्तरात देवऋषी, भगत, 'बाहेरचं', 'नजर' हे शब्द येणार. नाक मुरडलंत की बोलणं संपलं. तिथे जाणं का सोपं वाटतं ते विचारा : जवळ आहे, रात्रीही भेटतो, ऐकून घेतो, गावात 'वेड्याच्या डॉक्टरकडे गेली' असा बोभाटा होत नाही. यातल्या निदान दोन गोष्टी दवाखान्याला करता येण्यासारख्या आहेत.

प्रश्न बोलीत असू द्या. वऱ्हाडीत, अहिराणीत बोलणाऱ्याला छापील मराठीत प्रश्न विचारला की तो परीक्षेला बसल्यासारखा उत्तर देतो. मेळघाटात कोरकू बोलणारी व्यक्ती सोबत हवीच.

पायरी ५ : कुठे आणि कसं बोलायचं

ऑनलाइन फॉर्म स्वस्त पडतो, पण घरातला फोन बहुधा एकच, आणि 'मानसोपचार सेवेबद्दल आपले मत' असा मेसेज आधी कोण वाचेल ते सांगता येत नाही. फॉर्म कॉलेजच्या मुलांपुरता ठेवा. बाकीच्यांशी समोरासमोर बोला. घरी जायचं की आरोग्य केंद्रात भेटायचं की शेताच्या बांधावर, ते त्यांनाच ठरवू द्या. बायकांशी महिला सभेनंतर किंवा बचत गटाच्या बैठकीनंतर बोलणं जुळतं. पुरुष दूध डेअरीवर 'मन' या विषयावर तोंड उघडणार नाहीत, पण झोप, दारू आणि कर्ज यांवर तासभर बोलतील. तिथूनच सुरुवात करा.

जोडीने जा : एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. रेकॉर्डिंग नको. नाव लिहू नका, आणि फक्त नाव गाळलं की काम झालं असंही समजू नका. हजार वस्तीच्या गावात 'बत्तीस वर्षांची, माहेरी परतलेली शिक्षिका' म्हटलं की नाव सांगितल्यासारखंच आहे. गावाऐवजी तालुका लिहा, वयाचा ढोबळ गट लिहा. आणि फोटो! कार्यक्रम झाला की ग्रुपवर फोटो टाकायची आपल्याकडे जी खोड आहे, ती या कामापुरती गुंडाळून ठेवा. उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्याला मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २४ मनाई करतं.

पायरी ६ : कुणी कोसळलं तर

बोलता बोलता कुणी 'आता जगण्यात राम नाही' म्हणेल, ही शक्यता धरूनच बाहेर पडा. त्या क्षणी वही मिटा. 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. एकटं सोडू नका, विषारी औषधाचा डबा जवळ असेल तर घरच्यांना हलवायला सांगा, तिथूनच १४४१६ लावून द्या. ही सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. धोका ताबडतोबीचा असेल तर १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या. 'पोलीस केस होईल' या भीतीने घरचे अडतात. याच कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर खटला चालवला जात नाही, हे त्यांना सांगा. तुम्ही समुपदेशक नाही. पथकातल्या प्रत्येकाकडे जिल्हा पथकातल्या एका तज्ज्ञाचा नंबर आधीपासून हवा.

पायरी ७ : मतांमधून मागणी तयार करा

चाळीस जणांशी बोलून '६२.५ टक्के लोकांच्या मते' असं लिहू नका, हसं होतं. पंचवीस जण म्हणाले, तर पंचवीस लिहा.

मग तीन ढीग करा. दवाखान्याला याच महिन्यात करता येईल ते पहिल्यात : दार लावणं, नावाऐवजी नंबर पुकारणं, फलक लावणं. जिल्ह्याला ठरवावं लागेल ते दुसऱ्यात. राज्याकडे पाठवायचं, म्हणजे रिक्त पदांसारखं, ते तिसऱ्यात. समजा, ओपीडी मंगळवारी आहे आणि तालुक्याचा आठवडी बाजार गुरुवारी. बाजाराच्या दिवशी गाड्या जास्त असतात, तसंही यायचंच असतं, आणि 'कुठे निघालीस?' याला उत्तरही तयार असतं. 'लोकांना येणं गैरसोयीचं आहे' हे मत झालं. 'ओपीडी मंगळवारऐवजी गुरुवारी करा' ही मागणी झाली, आणि तिला पैसा लागत नाही. औषधांच्या मागणीला मानसिक आरोग्य सेवा कायद्याचा आधार जोडा : अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत कायम मोफत मिळाली पाहिजेत, असं कलम १८ सांगतं.

मांडणीसाठी जुनी रीत आजही कामाची आहे. २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेवर लोकांनीच लक्ष ठेवणं, सुरू झाली, पहिल्या टप्प्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत. गावाच्या आरोग्य सेवेचं प्रगतिपत्रक हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात भिंतीवर लागायचं. वाचता न येणाऱ्यालाही लाल चौकोन कळतो.

पायरी ८ : योग्य टेबलावर ठेवा

पहिला ढीग रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत, उपकेंद्राचं असेल ते जन आरोग्य समितीत. गावाचा ठराव हवा असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जवळची ग्रामसभा धरा. बैठकीत 'बघू', 'करू' यावर उठू नका. कोण, काय, कधीपर्यंत, हे इतिवृत्तात लिहून घ्या.

जनसुनवाई, म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यांपुढे जाहीरपणे तक्रारी मांडायची सभा, हे जोरदार हत्यार आहे, पण इथे जपून वापरा. रुग्णाला माइकसमोर उभं करू नका, तो तयार असला तरी दोनदा विचार करा. टाळ्या त्या दिवसापुरत्या असतात, गावात राहायचं त्याला असतं. त्याचं म्हणणं ओळख पुसून दुसऱ्याने वाचावं.

एखाद्याची स्वतःची तक्रार असेल, मारहाणीची किंवा डांबून ठेवल्याची, तर ती मतांच्या ढिगात घालू नका. तिला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २८ चा वेगळा रस्ता आहे : आधी संस्थेचे प्रमुख, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, मग राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण. रुग्णाला किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीला हा अर्ज करता येतो. तो लिहायला मदत करा.

पायरी ९ : उत्तर घेऊन परत जा

ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे तीन महिन्यांत परत गेलंच पाहिजे. तुम्ही काय म्हणालात, काय बदललं, काय बदललं नाही आणि का, एवढं एका पानावर. नकारही सांगा. 'गुरुवारी डॉक्टर दुसऱ्या तालुक्यात असतात, म्हणून जमलं नाही' हे ऐकून लोक रागावत नाहीत. काहीच न कळल्याने मात्र पुढच्या वेळी दारच उघडत नाही.

सहा महिन्यांनी तेच आठ प्रश्न घेऊन दुसरी फेरी करा. शब्द बदलू नका, नाहीतर तुलना होणार नाही. या फेरीत तक्रारी वाढलेल्या दिसतील तेव्हा बिचकू नका. पहिल्यांदा 'चांगलं आहे' म्हणून उठलेली माणसं आता खरं सांगायला लागलेली असतात. ही फेरी दसऱ्याच्या आत उरका, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी.