मधुमेही पायाची जखम : प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी काय पाहावे, काय मागावे

मधुमेह जुना झाला की पायांच्या नसांची संवेदना कमी होते, रक्तपुरवठाही मंदावतो, आणि मग चपलेत शिरलेला खडा, देवळाची तापलेली फरशी किंवा झोपेत उंदराने कुरतडलेले बोट, यांपैकी काहीच वेळेवर जाणवत नाही. त्यामुळे दुखत नाही म्हणजे जखम किरकोळ आहे, हा समज सर्वप्रथम सोडून द्यावा आणि पावलावर कोणतीही जखम दिसली की एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावी. तोवर जखम स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने धुऊन कोरड्या निर्जंतुक गॉजने झाकावी. हळद, चुना, मशेरी किंवा गरम पाण्याचा शेक यांपैकी काहीही करू नये.

जखमेत जंतुसंसर्ग झाला आहे की नाही, हे डोळ्यांनी आणि हाताने ठरते. सूज, जखमेभोवती अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक पसरलेली लाली, दाबल्यावर दुखणे, उष्णता आणि पू यांपैकी किमान दोन लक्षणे असली, तर संसर्ग आहे असे डॉक्टर मानतात. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून पालथा हात दोन्ही पावलांवर आळीपाळीने ठेवून कोणते अधिक गरम आहे ते पाहावे. लालीच्या कडेने पेनने रेघ ओढून ठेवली, तर लाली काही तासांत रेघेपुढे सरकली का हे कळते. लाली दोन सेंटिमीटरपर्यंत पोहोचली, त्वचा काळी पडली, दुर्गंधी सुटली, ताप किंवा थंडी वाजून आली अथवा साखर अचानक चढली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जखम नसताना पाऊल गरम होऊन सुजले असेल, तर हाडे ठिसूळ होऊन सांधे मोडण्याचा शार्को हा विकार असू शकतो, तेव्हा तेही दाखवावे.

संसर्गाची लक्षणे नसतील, तर प्रतिजैविकाची गरज नसते. उघड्या जखमेवर जिवाणू असतातच, आणि केवळ तपासणीत ते वाढले म्हणून गोळ्या घेतल्यास जखम लवकर भरत नाही. उलट औषधाला दाद न देणारे जिवाणू तेवढे मागे उरतात. भारतात उच्च पिढीची अनेक प्रतिजैविके २०१४ पासून एच-वन अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत, आहेत आणि औषध विक्रेत्याला त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणण्याची सवय सुटलेली नाही, आणि पाय गमावण्याकडे नेणाऱ्या वाटेची सुरुवात पुष्कळदा तिथेच होते, असे माझे ठाम मत आहे.

संसर्ग असेल, तर कल्चर आणि सेन्सिटिव्हिटीसाठी (कोणता जिवाणू आहे आणि त्यावर कोणते औषध चालते, या तपासणीसाठी) नमुना शक्यतो औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी घेतला जावा. प्रकृती गंभीर असेल, तर मात्र नमुन्यासाठी औषध लांबवू नये. नमुना कसा घेतला जातो, हे विचारायला संकोचू नये. वरवर कापूस फिरवून घेतलेल्या स्वॅबमध्ये पृष्ठभागावरचे जिवाणू येतात, खरा अपराधी खोलवर राहतो. जखम सलाईनने धुऊन, मृत भाग काढून टाकून, मग तळाची ऊती खरवडून किंवा लहानसा तुकडा कापून घेणे, ही योग्य पद्धत आहे. अर्जावर मधुमेहाची आणि आधी घेतलेल्या प्रत्येक प्रतिजैविकाची नोंद करून घ्यावी. थंड देशांत अशा जखमांत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू अधिक सापडतो, तर आपल्याकडे स्यूडोमोनास, ई. कोलाय, क्लेब्सिएला यांचे प्रमाण मोठे आहे. म्हणूनच परदेशी ओळखीच्या व्यक्तीला लागू पडलेले औषध इथे लागू पडेलच असे नाही.

अहवालात ‘एस’ म्हणजे औषध चालते आणि ‘आर’ म्हणजे चालत नाही. शेजारच्या आकड्यांपैकी (जिवाणूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा) सर्वांत लहान आकड्याचे औषध सर्वोत्तम, असा अर्थ काढू नये. जिवाणू कार्बापेनेम या प्रबळ प्रतिजैविकांच्या गटालाही जुमानत नसेल, तर कोलिस्टिनसारखी औषधे वापरावी लागू शकतात, आणि ती मूत्रपिंडाला जड जातात. मधुमेहात मूत्रपिंड अनेकदा आधीच दुबळे झालेले असते, म्हणून रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) तपासून घ्यावे. मऊ ऊतींच्या संसर्गाला सामान्यतः एक ते दोन आठवडे औषध पुरते. हाडापर्यंत पोहोचलेला आणि शस्त्रक्रिया न केलेला संसर्ग सुमारे सहा आठवडे घेतो. हाडाची शंका असेल, तर एक्स-रे आणि ईएसआर ही रक्ततपासणी करावी, तसेच पायाचा रक्तपुरवठा डॉप्लरने (ध्वनिलहरींच्या तपासणीने) तपासावा.

रुग्ण एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) घेत असेल, तर मधुमेहाच्या आणि एआरटीच्या डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्यात. एआरटीतील डोल्युटेग्राविर या औषधामुळे मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाची रक्तातील पातळी वाढते, म्हणून दोन्ही सोबत असताना मेटफॉर्मिन सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमपुरते मर्यादित ठेवतात. संसर्गामुळे साखर चढली म्हणून मेटफॉर्मिनचा डोस परस्पर वाढवू नये. अशा वेळी बहुधा इन्सुलिनची गरज पडते.

जखमेवरचा भार न काढता केलेले औषधोपचार वाया जातात. तळव्याच्या जखमेसाठी गुडघ्यापर्यंतचे प्लास्टर किंवा खास बूट देतात, मात्र संसर्ग किंवा रक्तपुरवठ्याची अडचण असताना ते घालण्याचा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा. जखम भरल्यावरही सुमारे ४० टक्के रुग्णांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते, म्हणून एमसीआर (मऊ सच्छिद्र रबर) तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल घरातही वापरावी, कुरूप ब्लेडने कापू नये वा कॉर्न कॅप लावू नये, आणि रोज रात्री आरशात तळवे पाहावेत. नजर कमी असेल तर हे काम घरातल्या कुणाला तरी नेमून द्यावे.