गेमिंग पीसी थंड ठेवायचा तर

आधी ग्राफिक्स कार्ड ठरवा, मग प्रोसेसर. गेममधले फ्रेम्स, म्हणजे पडद्यावर दर सेकंदाला उमटणारी चित्रं, मुख्यतः कार्डच देतं. दोघांच्या वॅटच्या बेरजेवर निदान ४० टक्के जास्तीचा पॉवर सप्लाय घ्या. कॅबिनेट समोरून जाळीचंच हवं. काच दिसायला छान, पण पंख्यांना हवा कुठून मिळणार? पुढचे दोन पंखे हवा आत घेणारे, मागचा एक बाहेर फेकणारा. पंख्याच्या ज्या अंगाला आधाराचे दांडे असतात, तिकडून हवा बाहेर पडते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कूलर, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा थंड करणारा भाग, बसवताना. कूलरच्या तळाची प्लॅस्टिक फिल्म काढायची राहते, मग गेम सुरू होताच प्रोसेसर ९० अंशांच्या पुढे जातो आणि फ्रेम्स कमी होऊ लागतात. प्रोसेसरचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी पेस्ट) ठेवा आणि कूलर सरळ खाली टेकवा. चार स्क्रू असतील तर तिरक्या जोडीने, दोन-दोन फेरे देत आवळा. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर दाब एका बाजूला पडतो आणि दुसऱ्या बाजूला पेस्टचा थर जाड राहतो. कूलरच्या पंख्याची वायर मात्र मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावा. नाहीतर बरेच बोर्ड सुरू होतानाच एरर दाखवतात.