सगळे ‘हो’ म्हणायचे, तेव्हा प्रश्न बदलला

यवतमाळ जिल्ह्यात कापूस शेतकऱ्यांना हवामान सल्ल्याच्या अ‍ॅपबद्दल विचारत होतो, “अ‍ॅप उपयोगी आणि सोपं वाटतं का?” सगळ्यांचं एकच, “हो, चांगलं हाये.” घरी आलेल्या पाहुण्याला नाही कोण म्हणणार? शिवाय एकात दोन प्रश्न; ‘हो’ नेमकं कशाला, कळेना.

मग विचारलं, “काकाजी, मागची फवारणी कधी केली? त्या दिवशी सकाळपासून काय काय केलं?” आणि गप्प बसलो. हे गप्प बसणंच सगळ्यात जड गेलं. काकाजींनी तंबाखू मळला, आभाळाकडे पाहिलं. “ढग पाह्यले, कृषी केंद्रात इचारलं अन् पंप उचलला. मोबाइल त पोराजवळ रायते, तो कॉलेजात जाते.”

सल्ला सकाळी 9 वाजता जात होता, फोन घराबाहेर पडल्यावर. आता माझा पहिला प्रश्न: दिवसा फोन कोणाजवळ असतो?