आधी ओपनिंग, मग माप: बडोद्याच्या घरासाठी दारं-खिडक्या करून घेताना

मापानं बनवून घेतलेली खिडकी कारखान्यातून बहुतेक वेळा बरोबरच येते. चुकतं ते भिंतीत. ओपनिंग काटकोनात नसतं, ग्रॅनाइट बसवायच्या आधीच माप दिलेलं असतं, फरशीची जाडी धरायची राहून गेलेली असते. मग बसवणारा मिस्त्री छिन्नीनं भिंत फोडतो, नाहीतर दोन बोटांची फट सिलिकॉननं भरून मोकळा होतो, आणि पहिल्याच जोराच्या पावसात पाणी पलंगापर्यंत येतं. म्हणून इथे भिंतीला जास्त जागा दिली आहे आणि झडपेला कमी.

कुठल्या भिंतीला काय

बडोदं कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. पश्चिमेला तोच छज्जा निकामी, कारण चारनंतर ऊन आडवं येतं. तिथे खिडकी लहान ठेवा आणि बाहेरून चिक किंवा उभ्या पट्ट्या द्या. आतून जाड पडदा लावून फारसं साधत नाही. काच ओलांडून आत आलेली उष्णता आतच राहते. एसीच्या खोलीला डबल काच (5 मिमी काच, 12 मिमी पोकळी, पुन्हा 5 मिमी काच) उपयोगी आहे, पण थेट ऊन पडत असेल तर साध्या डबल काचेपेक्षा ऊन परतवणारा थर दिलेली काच मागा.

स्लायडिंग खिडकी दोन ट्रॅकची असो की जाळीसकट तीन ट्रॅकची, उघडते अर्धीच. 10 बाय 12 च्या खोलीला हवेसाठी निदान 12 चौरस फूट उघडी जागा धरावी. 4 बाय 4 च्या स्लायडिंगमधून मिळते जेमतेम 8. तीच खिडकी बिजागरीची केली तर जवळजवळ पूर्ण उघडते.

पावसाळी वारा आपल्याकडे नैऋत्येकडून येतो. त्या अंगाच्या भिंतींना बिजागरीची, रबरावर दाबून बंद होणारी झडप घ्या. स्लायडिंग दुसऱ्या बाजूंना चालेल. झडप बाहेर उघडणार असेल तर ग्रिल आतून लागेल, आणि हँडलपर्यंत हात जाईल एवढी जागा ग्रिलच्या नक्षीत आधीच सोडावी लागेल. ग्रिलवाला आणि खिडकीवाला वेगळे असतील तर दोघांना एकच कागद द्या. बेडरूमच्या एका तरी ग्रिलला आतून कुलपानं उघडणारा भाग ठेवा. आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट.

ओपनिंग तयार करणं

लिंटल, म्हणजे ओपनिंगच्या माथ्यावरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंनी भिंतीवर निदान 6 इंच टेकलेलं हवं. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे ना ते बघा. नसेल तर छज्जावरचं पाणी खालून सरकत खिडकीच्या माथ्यावर येतं. आपल्याकडे खिडकीला चारी बाजूंनी ग्रॅनाइट लावायची पद्धत आहे. उत्तम पद्धत आहे, पण खालचा दगड बरेचदा लेव्हलमध्ये, कधी कधी तर आत उतरता बसवलेला असतो. तो बाहेर उतरताच हवा: 6 इंच रुंदीला निदान 2 सूत, म्हणजे साधारण 6 मिमी. दगड भिंतीबाहेर एक-दीड इंच काढा आणि त्याच्या पोटाला खाच मारून घ्या. एवढं केलं नाही तर सिलिकॉन कितीही चांगलं वापरा, खिडकीखालच्या प्लास्टरला ओल धरणारच.

दाराच्या बाबतीत घोळ फरशीचा होतो. माप तयार फरशीपासून धरायचं. फरशी व्हायची असेल तर खालचा सिमेंट-वाळूचा थर आणि टाइल मिळून किती इंच चढणार हे मिस्त्रीकडून लिहून घ्या आणि भिंतीवर लेव्हल पाइपनं घरभर एक रेघ मारून ठेवा. सगळ्या उंच्या त्या रेघेवरून मोजा.

माप

प्लास्टर आणि ग्रॅनाइट झाल्यावरच माप घ्यायचं. रुंदी वर, मधे आणि खाली. उंची डावीकडे, मधे आणि उजवीकडे. शिवाय दोन्ही कर्ण. समजा रुंदी 1203, 1198 आणि 1201 मिमी आली, तर धरायची 1198. त्यातून दोन्ही बाजूंना 6-6 मिमी फट सोडली की फ्रेमची रुंदी 1186. सरासरी काढू नका. जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथेच फ्रेम अडणार. दोन कर्णांत 10 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर खिडकीचा हट्ट सोडा आणि आधी भिंत दुरुस्त करून घ्या. उभ्या कडांना ओळंबा लावायलाही विसरू नका, कारण कर्ण बरोबर असूनही भिंत आत-बाहेर झुकलेली असू शकते.

ही फट वाया जात नाही. यूपीव्हीसी (खिडक्यांच्या फ्रेमचं कडक प्लास्टिक) तापल्यावर चांगलंच वाढतं: 2 मीटर लांबीला 30 अंशांच्या फरकानं साधारण 4 मिमी. ॲल्युमिनियम तेवढ्यात दीड मिमीच्या आत राहतं. जागाच सोडली नाही तर मे महिन्यात फ्रेम मधे फुगते आणि झडप घासते. गडद रंगाचं प्रोफाइल (फ्रेमची तयार पोकळ पट्टी) पांढऱ्यापेक्षा जास्त तापतं, त्यामुळे पश्चिमेला गडद यूपीव्हीसी न घेतलेलंच बरं.

सुतार सुतात मोजतो, कारखाना मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3 मिमीहून किंचित जास्त. ऑर्डरच्या कागदावर सगळी मापं मिलिमीटरमध्येच लिहा आणि प्रत्येक ओपनिंगला नंबर द्या. तोच नंबर भिंतीवरही खडूनं लिहा. टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. मापात 5 मिमीची चूक म्हणजे नवी काच.

ऑर्डर देताना

चौरस फुटाचा भाव ऐकून दोन कोटेशनं ताडून बघता येत नाहीत. जाळी, हँडल, लॉक, बसवणं आणि सिलिकॉन त्यात धरलंय का, हे विचारा. यूपीव्हीसीत आतली लोखंडी पट्टी गॅल्वनाइज्ड आहे का आणि किती जाडीची, ते लिहून घ्या. मोठ्या झडपेत ती 1.5 मिमीहून पातळ नको. कापलेल्या प्रोफाइलचा तुकडा हातात घेऊन बघा, बोलण्यावर जाऊ नका. ॲल्युमिनियममध्ये सेक्शनची जाडी आणि मीटरला वजन मागा. दारातली, बाथरूममधली आणि फरशीपर्यंत आलेली काच टफन किंवा लॅमिनेटेडच हवी. टफन काचेच्या कोपऱ्यात शिक्का असतो, तो काच बसवण्याआधी तपासा.

लाकडी दार

इथे घाई सगळ्यात महागात पडते. 7 बाय 3 फुटी दाराच्या चौकटीला, म्हणजे मिस्त्रीच्या बारसाखेला, 5 बाय 3 इंचाचं लाकूड धरलं तर दोन उभे 7 फुटी आणि माथ्याचं साडेतीन फुटी मिळून साडेसतरा फूट होतात. म्हणजे 1.82 घनफूट, घट धरून 2. वखारीत वलसाडी साग मिळतो, आफ्रिकेतून आलेलाही मिळतो. नाव ऐकून भाव ठरवू नका, दोन्ही टोकं बघा. कडेचा फिकट भाग वाळवीला लवकर बळी पडतो, तो चौकटीत घेऊ नये. ओलावा मोजायचं यंत्र सुताराकडे नसेल तर मागवून घ्या आणि लाकडात चार-पाच ठिकाणी टोचून बघा. 12 टक्क्यांच्या वर आकडा आला तर ते लाकूड अजून दार व्हायला तयार नाही.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. नुसत्या फळ्या जोडून केलेला 3 फुटी पल्ला मेपासून ऑगस्टपर्यंत 5-6 मिमी फुगू शकतो. चौकडं करून मधे पॅनेल सोडलेला पल्ला मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर थांबतो, कारण तिथे फुगणारं पॅनेल खाचेत आतल्या आत सरकतं. अट एकच: पॅनेलला खाचेत फेव्हिकॉल लावायचं नाही, खिळा मारायचा नाही, आणि बाजूंना 2-3 मिमी मोकळं ठेवायचं. सुतार मजबुतीसाठी म्हणून चिकटवतो आणि दुसऱ्या वर्षी पॅनेल उभं चिरतं.

दार पावसाळ्यात अडकतं त्यामागे आणखी एक कारण असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पुढून-मागून पॉलिश चकचकीत असतं, पण पल्ल्याची खालची आणि वरची कड कोरी असते. तिथूनच दमट हवा आत शिरते. पल्ला टांगायच्या आधी तो आडवा ठेवून सहाही बाजूंना सीलर मारून घ्या. चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूला डांबर किंवा वाळवीरोधक द्रव लावा, आणि तिचे पाय ग्रॅनाइटच्या उंबऱ्यावर टेकवा, मातीत किंवा काँक्रीटमध्ये गाडू नका. प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या. आतल्या दाराला तीन बिजागऱ्या, मुख्य दाराला 5 इंची चार, त्यातल्या दोन वरच्या भागात, कारण ओढ तिथेच बसते. तोरणासाठी पितळी हूक पॉलिशच्या आधी बसवून घ्या. नंतर ठोकलेल्या खिळ्याभोवती पॉलिश उडतं आणि गणेशपट्टी खराब होते.

मुख्य दार साडेतीन फुटी, खोल्यांची तीन फुटी, बाथरूमचं अडीच फुटी असा साधा हिशेब असतो. घरात व्हीलचेअर यायची शक्यता असेल तर निदान एका खोलीला आणि बाथरूमला चौकट वजा जाता 900 मिमी मोकळे ठेवा. बाथरूमला लाकूड नकोच, डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेलं) घ्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं. तशा सखल भागात तळमजल्यावर साध्या प्लायचं फ्लश डोअर लावू नये, भिजलं की त्याचे थर सुटतात.

जुन्या वाड्यात

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी भागातल्या जुन्या घरांत लाकडी चौकट कधी कधी भिंतीचा भार पेलत असते. माथ्यावरचं लाकूड वाकलेलं असेल किंवा वरच्या भिंतीला तिरकी भेग असेल तर टेकू दिल्याशिवाय चौकट काढू देऊ नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. चुन्याच्या भिंतीतली फट चुन्यानंच भरा. कडक सिमेंट ओल अडवून धरतं आणि आजूबाजूचा चुना पोखरला जातो. जुना साग सहसा टाकण्यासारखा नसतो. खालचं कुजलेलं टोक कापून नवा तुकडा जोडता येतो आणि हे काम नव्या चौकटीहून स्वस्त पडतं.

बसवणं आणि ताबा

1. फ्रेम पाचरींवर टेकवून लेव्हल, ओळंबा आणि कर्ण पुन्हा तपासा. पाचरी कोपऱ्यांखाली आणि मधल्या उभ्या पट्टीखाली हव्यात.
2. अँकर बोल्ट कोपऱ्यापासून 150 ते 200 मिमीवर आणि पुढे जास्तीत जास्त 600 मिमी अंतरानं. आवळताना फ्रेम भिंतीकडे ओढली जाते. तिथे पाचर नसेल तर ती वाकते.
3. फटीत फोम मारताना झडप बंद ठेवा, नाहीतर फुगणारा फोम फ्रेम आत ढकलतो.
4. धूळ पुसून, कोरड्या भिंतीवरच बाहेरून न्यूट्रल (आंबट वास न येणारं) सिलिकॉन.

खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं पाणी जायच्या बारीक खाचा असतात. बसवणारा सिलिकॉननं किंवा रंगारी पुट्टीनं त्या बुजवतो, मग ट्रॅक भरून पाणी आत उलटतं. रंगकाम संपल्यावर त्या खाचा मोजून बघा. प्रोफाइलवरची प्लास्टिकची फिल्म लगेच सोलून काढा; उन्हात भाजली की निघता निघत नाही.

शेवटचा हप्ता पाण्याच्या चाचणीनंतरच द्या. बागेची नळी घेऊन आधी खालच्या कडेवर, मग बाजूंवर, शेवटी माथ्यावर पाच-पाच मिनिटं पाणी मारा आणि आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा ठेवा. खालून वर गेलं की गळती कुठली ते कळतं. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर कळत नाही. ही चाचणी जूनच्या आत उरकून घ्या, एकदा पाऊस लागला की ओल्या भिंतीवर सिलिकॉन धरत नाही.