वारंवार ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर

रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाऊन ख्रिस्तप्रसाद (ख्रिस्ताचे शरीर मानून दिली जाणारी भाकर, म्हणजेच कम्युनियन) घेणाऱ्या कॅथलिक माणसाला ‘एखाद्या साध्या वारीही का जात नाही?’ असे विचारले, तर तो वेळेची अडचण सांगतो आणि थोडे खोलात गेल्यावर म्हणतो, की आपण तेवढे पवित्र नाही. हे उत्तर नम्र असले तरी त्यात एक जुनी गफलत आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या जॅन्सेनवाद्यांनी, म्हणजे कॅथलिकांमधल्या एका कर्मठ पंथाने, कम्युनियनसाठी इतकी कडक पात्रता मागितली, की भाविक माणसे वेदीपासून लांबच राहू लागली. त्या वादावर पडदा पडला तो पोप दहावे पायस यांच्या संमतीने २० डिसेंबर १९०५ रोजी निघालेल्या आदेशाने. कृपावस्थेत (मनावर गंभीर पाप नसलेल्या स्थितीत) असलेल्या आणि योग्य हेतूने येणाऱ्या कोणालाही रोजच्या ख्रिस्तप्रसादापासून रोखू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा प्रसाद सद्गुणांचे बक्षीस नसून दुबळेपणावरचे औषध आहे, आणि औषध बरे झाल्यावर घ्यायचे नसते.

तेव्हा सुरुवात हेतूपासून करावी. लोक बघतात म्हणून, घरचे सगळे रांगेत उठले म्हणून किंवा निव्वळ सवयीने पुढे जाऊ नये. देवाशी अधिक जवळीक व्हावी आणि एखाद्या ठरावीक दोषावर त्याची मदत मिळावी, एवढी इच्छा पुरे आहे. तो दोष मनाशी नेमका ठरवलेला बरा. सुनेशी किंवा हाताखालच्या माणसाशी तुसडेपणाने बोलण्याची खोड असेल, तर ती घेऊनच मिस्साला जावे.

गंभीर पापाची जाणीव असेल तर आधी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, करणे आवश्यक आहे. किरकोळ पापांची गोष्ट वेगळी आहे. ती आड येत नाहीत, उलट मनापासून घेतलेला ख्रिस्तप्रसाद ती पुसून टाकतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तरीही वारंवार कम्युनियन घेणाऱ्याने पापनिवेदनालाही नियमित जावे आणि एकाच धर्मगुरूंचा सल्ला घेत राहावे, असे मला वाटते. एरवी आपल्याच मनाच्या तराजूवर आपण स्वतःला फार हलके किंवा फार जड तोलतो.

ख्रिस्तप्रसादाआधीच्या उपवासाचा बाऊ करण्याचे आता कारण उरलेले नाही. पूर्वी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. १९५३ मध्ये पाण्याला मुभा मिळाली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ पासून तो एक तासाचा आहे. हा तास मिस्साच्या आरंभापासून मागे मोजायचा नसून प्रत्यक्ष ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या क्षणापासून मोजायचा असतो. साडेसहाच्या मिस्सात कम्युनियन सातच्या सुमारास होत असेल, तर पावणेसहाला घेतलेला चहा आड येत नाही. पाणी आणि औषध केव्हाही चालते. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना या नियमातून सूट आहे.

किती दिवस जावे? एकदम रोजचा संकल्प सोडून पहिले काही महिने रविवारखेरीज एकच वार धरावा, असे मी सुचवीन. वसई-विरारहून लोकल पकडणाऱ्या माणसाला पहाटेचा अर्धा तास काढणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्याने तरी मोठ्या संकल्पाची घाई करू नये. एकाच दिवशी दुसऱ्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा असेल, तर त्या मिस्सात सहभागी झालेले असले पाहिजे. नुसते रांगेत येऊन उभे राहणे नियमाला धरून नाही.

सवयीचा गंज चढतो तो बहुधा त्या रांगेतच. तिथे ओळखीच्या माणसाकडे बघून हसणे टाळावे. ख्रिस्तप्रसाद हातावर घेणाऱ्याने उजव्या तळव्यावर डावा तळवा ठेवावा, ‘ख्रिस्ताचे शरीर’ हे देणाऱ्याचे शब्द पुरते ऐकून मग ‘आमेन’ म्हणावे, तिथेच बाजूला सरकून उजव्या हाताने तो तोंडात ठेवावा आणि तळव्यावर कण राहिला आहे का, ते पाहावे. जागेवर परतल्यावर आभाराची पाच मिनिटे तरी द्यावीत. लोक पार्किंगकडे धावतात ती नेमकी हीच मिनिटे असतात. पाठ केलेली प्रार्थना नको असेल, तर तो ठरवलेला दोष आणि त्या दिवशी ज्या माणसाशी गाठ पडणार आहे त्याचे नाव, एवढेच येशूपुढे ठेवावे.

मिस्साला जाणे जमलेच नाही, तर त्या वेळी घरी किंवा गाडीत मनाने येशूला बोलवावे. याला आत्मिक कम्युनियन म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच जोगीण, लिझ्यूच्या संत तेरेजा, यांच्या काळी मठातही रोज ख्रिस्तप्रसाद मिळत नसे. त्यांना तो रोज मिळू लागला तो मठात इन्फ्लुएन्झाची साथ आली त्या दिवसांत, आणि त्यांनी त्याचे मोठे समाधान नोंदवून ठेवले आहे.

फळ मात्र लगेच शोधू नये. मिस्साच्या वेळी मन कोरडे राहिले म्हणून तो ख्रिस्तप्रसाद वाया गेला असे होत नाही. दोन-तीन महिन्यांनी घरातल्या एखाद्या माणसाला, आपण त्याच्यावर पूर्वीइतके खेकसतो का, असे सरळ विचारावे.