गळलेल्या केसाचं टोक भिंगाखाली कसं बघावं

"मॅडम, केस मुळासकट निघतोय!" प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला एखादी तरी मुलगी रडवेली होऊन हे सांगतेच. मी तिच्या हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग देते. घरीही हे जमतं.

कंगव्यातला केस काळ्या कागदावर ठेवा आणि डोक्याकडचं टोक बघा. तिथे टाचणीच्या माथ्याहून लहान, पांढरी, कोरडी गाठ असेल तर तो केस मुदत संपवून गळलाय. ती गाठ म्हणजे मूळ नव्हे. केस जिथून उगवतो तो त्वचेतला खळगा, म्हणजे केशकूप, शाबूत आहे.

डोक्यावरचा केस साधारण 2 ते 6 वर्षं वाढतो. मग केशकूपाच्या खालच्या भागातल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरू लागतात. पेशी आकसते, तिच्यातल्या डीएनएचे तुकडे पडतात, आजूबाजूच्या पेशी ते अवशेष गिळतात. ना सूज, ना पू, ना दुखणं. रंग तयार होणं त्याआधीच थांबतं, म्हणून गाठ पांढरी. दोन-तीन आठवड्यांत केशकूपाचा खालचा बराचसा भाग नाहीसा होतो, पण तळाचा केशांकुर, म्हणजे केसाला वाढीचा इशारा देणारा पेशींचा पुंजका, वाचतो. त्याच्या पेशींत मृत्यू रोखणारं बीसीएल-2 हे प्रथिन असतं. तो वर सरकत मूलपेशींजवळ, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशींजवळ, येतो आणि तिथूनच पुढचा केस सुरू होतो. इतकी पाडापाड होताना नेमकं हवं तेवढंच राखलं जातं, याचं मला आजही नवल वाटतं.

टोकाला गाठच नसेल तर केस मधेच तुटलाय. घट्ट वेणी, ब्लीच, स्ट्रेटनिंग यांकडे बघा. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडून त्याच्या कडेला मुळाशी निमुळते होत गेलेले आखूड केस दिसले तर ती चाई असू शकते, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

दिवसाला 50 ते 100 केस जाणं स्वाभाविक आहे. एकदम पुंजके येऊ लागले तर कॅलेंडर दोन-तीन महिने मागे उलटा. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन? अशा वेळी पुष्कळ केशकूप एकदमच वाढ थांबवतात आणि विश्रांतीनंतर केस एकत्र गळतात. हे बहुतेकदा आपोआप थांबतं. सहा महिन्यांनंतरही चालू राहिलं तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घ्या.

मात्र गाठ पांढरी असूनही भांग रुंदावत असेल, नवे केस बारीक येत असतील, तर घरच्या भिंगावर विसंबू नका. डॉक्टरांकडे जाण्याआधी एक-दोन दिवस डोकं धुऊ नका. धुताना सुटे केस निघून जातात आणि डॉक्टरांना केस ओढून बघायला काही उरत नाही.